खुर्च्या कमीच मांडायच्या

लोखंडी घडीची खुर्ची एका हाताने हवेत झटकून उघडायची, जमिनीवर टेकवायची, बैठकीवर तळवा दाबून पाहायचा आणि मग दाराकडे बघून म्हणायचं, "जागा आहे, या!" अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. पुढेही असंच पाहत आलो.

के. आर. पुरमला त्यांचं खुर्च्या-मांडव भाड्याने देण्याचं दुकान होतं. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड यायची. मी पुण्याहून आलेला, सर्जापूर रोडला राहणारा आयटीवाला. आम्ही चार मित्रांनी ठरवलं, इथल्या मराठी मंडळींसाठी शनिवार-रविवार क्रिप्टोचा मेळावा भरवायचा. व्याख्यानं ठेवायची, मोबाइलवर वॉलेट उघडायला शिकवायचं, त्याच्या चाव्या, म्हणजे गुप्त सांकेतिक शब्द, कशा जपायच्या ते सांगायचं. दीडशे जणांनी नावं नोंदवली, म्हणून मी अण्णांना दीडशे खुर्च्या सांगितल्या.

त्यांनी साठच मांडल्या. मी भडकलो.

"अण्णा, दीडशे म्हटलं होतं ना?"

"टेम्पोत आहेत की. रिकाम्या खुर्च्या बघून बोलणाऱ्याचा घसा सुकतो. माणूस आला की आणतो."

आणि खरंच, दोन्ही दिवस ते काखेत खुर्ची धरून दाराशी उभे. उशिरा येणाऱ्याला वाटायचं, ही आपल्यासाठीच राखून ठेवलेली दिसते. गर्दी दाखवायला धडपडणारे आयोजक तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. येणाऱ्या एकेकाला बसवायला धडपडणारा मी हा एकच पाहिला.

"क्रिप्टो म्हणजे काय, कळलं का अण्णा?" मी सहज विचारलं.

"स्वल्प कळलं. चावी हरवली तर कुलूपवाला मिळत नाही. बाकी तुमचं तुम्हाला ठाऊक."

आमच्या एकाही वक्त्याला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

त्या वर्षी भाव चढत होते आणि त्यांच्याबरोबर मीही चढलो होतो. शेवटच्या भाषणात मंचावरून ठणकावून सांगितलं, "आत्ता घेतलं नाहीत तर पस्तावाल!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्या वर्षी मेळावा तोंडावर आला आणि भाव धाडकन कोसळले. दोन वक्त्यांची तब्येत एकाच दिवशी बिघडली. माझंही नुकसान झालं होतं, पण त्याचं काही नाही. ज्यांना मी घ्या म्हणून सांगितलं, त्यांना तोंड कसं दाखवायचं, हा खरा प्रश्न होता. शेवटी अण्णांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "रद्द करतोय. कोणी आलंच तर शिव्या द्यायला येईल."

अण्णा एका खुर्चीचा स्क्रू पिळत होते. तो पुरता बसल्यावर त्यांनी मान वर केली.

"शिव्या द्यायला तरी बसायला नको का? उभा माणूस जास्त चिडतो. मांडू. कमी मांडू, पण मांडू. सरी? ठीक ना?"

शनिवारी सकाळी हॉलवर गेलो तर मंचासमोर ओळीच नव्हत्या. खाली पंचवीस खुर्च्यांचं गोल रिंगण.

"आणि मी कुठे बसू?"

"त्यातल्याच एखादीवर. वरून बोललास म्हणून तर हे झालं, तम्मा."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तरीही बोलणं जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

महादेवपुऱ्याच्या एक शिक्षिका बाई नेमक्या माझ्यासमोर बसल्या. रिंगण भरल्यावर त्याच पहिल्यांदा बोलल्या.

"मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलंत ना? लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे घातले मी त्यात."

"हो, मीच सांगितलं," मी म्हणालो. "चुकलो. मला जेवढं कळत होतं त्याच्या दुप्पट बोललो."

आता सगळे उठून जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात दाराशी खुर्ची झटकल्याचा आवाज आला. "जागा आहे, या!"

कोणी उठलं नाही. उलट नव्या खुर्चीसाठी सगळे थोडे थोडे मागे सरकले. मग लोक बोलू लागले. कोणी किती घालवलं, कोणाच्या नादाने घालवलं, घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत रिंगण भिंतींना टेकलं होतं आणि टेम्पो रिकामा व्हायला आला होता. रविवारी निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी 'किती घालू नये' हा तास मी घेणार." त्यांनी घेतलाही. दर वर्षी तोच सगळ्यात जास्त भरतो.

यंदा मेळाव्याच्या महिनाभर आधी अण्णा गेले. दुकानाचं शटर खाली आहे. त्या माणसावर माझा जीव होता, हे त्यांना कधी सांगितलं नाही, याची चुटपुट अजून जात नाही.

नव्या भाडेवाल्याने सांगितल्याबरहुकूम दोनशे खुर्च्या चोख ओळीत मांडल्या. मी बाह्या सरसावल्या आणि मागच्या ओळी मिटायला घेतल्या. बाई आपल्या तासाच्या तयारीसाठी लवकर आल्या होत्या. त्यांनीही दुसऱ्या टोकापासून मिटायला सुरुवात केली.

दहाला त्यांचा तास सुरू झाला. मी काखेत खुर्ची घेऊन दाराशी उभा राहिलो. एक गृहस्थ धापा टाकत आले, आत डोकावले, सगळं भरलेलं पाहून माघारी वळले. मी खुर्ची हवेत झटकली. ती अर्धीच उघडली आणि माझं बोट चिमटलं. अण्णांचं कधी चिमटलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या झटक्याला उघडली. टेकवली, बैठकीवर तळवा दाबून पाहिला.

"जागा आहे," मी म्हणालो. "या."