तिसरी पेटी

मेव्हण्याचा कॅमेरा मागून आणला होता. तो घेऊन चाकणला एका लग्नाचे फोटो काढायला एसटीने जायचं होतं, म्हणून चिंचवडला पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. मी सगळ्यांत देखणी पेटी उचलली. चाचांनी ती खाली ठेवली आणि चहाची बशी घेऊन तिच्यावर बसले. झाकण दबलं.

"एसटीत हिच्यावर कुणीतरी बसणारच, साहेब."

स्वतःच्याच मालाला नापास करताना त्यांना जराही संकोच वाटला नाही. दुसरीही दबली. तिसरीवर मात्र त्यांचा चहा निवांत संपला.

खूश होऊन मी विचारलं, "चाचा, तुमचा फोटो काढू?"

"पेटीचा काढा. मी काय, रोज इथंच असतो."

मी दोघांचा काढला. त्यात चाचा ताठ उभे आहेत आणि त्यांचा हात टेबलावरच्या पेटीवर आहे, धाकट्या भावाच्या खांद्यावर ठेवावा तसा.