सायखेड्याचं सोन्याचं नाणं

भालेराव सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लेख मागितला, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. सोनाराच्या हाताला हातोडी बरी, लेखणी नव्हे. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीला सर आमच्या दुकानाची पायरी चढले, ते जुनी नाणी आली आहेत का, हे विचारायला. त्यांनी मला रोमन नाणं वाचायला शिकवलं. "सम्राट म्हातारा झाला तरी नाण्यावर तरुणच राहतो. सरकारी जाहिरात रे ती! तू आधी केसांतला पानांचा मुकुट बघ," असं म्हणायचे.

सायखेड्याच्या ठकूबाई माळणीच्या देव्हाऱ्यात असंच एक सोन्याचं नाणं खंडोबाचा टाक म्हणून पुजलं जाई. सर तीनदा गेले. बाई म्हणायच्या, "देव बाहेर काढत नाय आमी." सर उंबऱ्यातूनच हात जोडून परतले. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

पुढे दोन-तीन वर्षांनी ठकूबाई स्वतःच दुकानात आल्या. "लय झिजलाय देव. याच सोन्याचा नवा टाक घडव. आन् माझ्यासमोर वितळव."

झिजलेला टाक मोडून नवा करायची रीतच आहे. मी चिंचेनं कुंकू काढलं आणि हात थांबला. पानांचा मुकुट स्वच्छ दिसत होता. नाण्याच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात फांदी. सरांना एक फोन करायचा होता, बस्स! पण मी थांबलो असतो, तर म्हातारी म्हणाली असती, सोन्यावर डोळा आहे मेल्याचा. दुकानाच्या नावाला भ्यालो आणि नाणं मुशीत टाकलं.

आठवड्याने सर आले. मी म्हणालो, "सर, ठकूबाईंचं नाणं वितळवलं. पार गुळगुळीत झालं होतं. काही दिसत नव्हतं."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू पाहिलंस ना, मग झालं."

त्यांच्या नाण्यांवरच्या पुस्तकात तसंच छापून आलं: नाणं पूर्ण झिजलेलं होतं, माझ्या विश्वासू शिष्याने पाहिलं. त्याच वर्षी माझे वडील गेले. तेरा दिवस सर इंदिरानगरहून सायकलवर डबा घेऊन आले. त्यातला एक घास सुखानं उतरला असेल तर शपथ. तरी तोंड उघडलं नाही. फार चुकलो मी.

सर, तुम्ही शंभरी गाठावी, गुडघे धड राहावेत आणि नाणी वाचायचं भिंग हातातून सुटू नये, हीच खंडेरायाकडे मागणी. पण पुढच्या आवृत्तीत ते वाक्य आधी खोडा. मुकुट होता, बाई होती, फांदी होती. मी नीट पाहिलं होतं.

'विश्वासू' शब्दाचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा.