सामाईक वाफ

परदेशातल्या ज्या गिऱ्हाइकासाठी आम्ही सूत रंगवतो, त्याची मेल आली तेव्हा तीत काळजी करण्यासारखे मला काही दिसले नाही. पुढच्या हंगामाची ऑर्डर देण्यापूर्वी आमच्या कार्बन उत्सर्जनाची त्रयस्थाकडून, मान्यताप्राप्त मानकानुसार पडताळणी झालेली असावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. ही ऑर्डर गेली तर माझ्या रंगाईघराची दुसरी पाळी बंद पडली असती, आणि त्या पाळीतली बहुतेक माणसे माझ्याबरोबरच म्हातारी होत आलेली आहेत. नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. मी नम्रपणे विचारले, कोणते मानक? उत्तर आले : तुमच्या व्यवसायाला योग्य असेल ते.

त्या ‘योग्य’ने माझा सबंध पावसाळा खाल्ला.

सीताबर्डीत एका कपड्याच्या दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या सल्लागाराने मला मानकांचे तीन क्रमांक सांगितले, सगळे चौदा हजारांच्या घरातले. एक मानक संपूर्ण कारखान्यासाठी, एक केवळ एखाद्या उत्पादनासाठी, आणि तिसरे पडताळणी कशी करावी यासाठी, म्हणजे मोजणाऱ्याला मोजण्यासाठी. मी ते लिहून घेतले. पुण्याच्या दुसऱ्या सल्लागाराने फोनवर ते सगळे मोडीत काढले. त्याच्या मते मी आधी हिशेबाची पद्धत ठरवायला हवी होती. पडताळणीचे मानक ही नंतरची गोष्ट. तिसरा एक परिचित लेखापरीक्षक होता. त्याने ‘मर्यादित खात्री’ हवी की ‘वाजवी खात्री’ असे विचारले. दोन्हींत फरक काय म्हणताच त्याने शांतपणे सांगितले की वाजवी खात्री ही मर्यादित खात्रीपेक्षा वरची असते, आणि पूर्ण खात्री कोणीच देत नाही. मी त्याचे आभार मानले. माझा आवाज मुळातच खालचा असल्यामुळे लोकांना मी संयमी वाटतो. त्या दिवसांत मी गाडीत एकटा असताना कोणाकोणाला काय काय बोललो, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

इंधनाचीही तीच गत. आमच्या बॉयलरमध्ये आम्ही पांढरा कोळसा जाळतो, म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि सोयाबीनचे कुटार दाबून केलेल्या कांड्या. पावसाळ्यात त्या ओल धरतात, तेव्हा त्यांत खाणीचा कोळसा मिसळावा लागतो. पऱ्हाटीतून निघणारा कार्बन तिने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो वेगळा नोंदवायचा. कोळशाचा मात्र पुरता आपल्या माथी. हे मला पटले. पण धुराड्यातून दोन्ही एकत्रच निघतात, आणि त्यांतला कोणता किती हे मला आमच्या बॉयलरवाल्याला समजावून सांगावे लागले. तो म्हणाला, “साहेब, ओल्या कांडीचा धूर जास्त काळा असते, अन् तुम्ही म्हणता तोच कमी धरा!” मी त्याला दोन्हींची वजने वेगवेगळी लिहून ठेवायला सांगितले.

तरीही हे सगळे निस्तरण्याजोगे होते. खरी अडचण भिंतीत होती.

वडील पूर्वी खापा गावच्या विणकरांसाठी सूत रंगवत. पुढे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी कारखाना उभारला आणि थकल्यावर तो आम्हा दोघा भावांत वाटला. सूत माझ्याकडे आले, चादरींची धुलाई आणि रंगाई दादाकडे गेली, आणि मधे भिंत उभी राहिली. बॉयलर मात्र त्यांनी, शेताच्या वाटणीत विहीर ठेवतात तसा, सामाईक ठेवला. तो माझ्या बाजूला आहे, चालवतात माझी माणसे, कागदोपत्री नावही माझे. भिंतीला पाडलेल्या भोकातून एक पाइप दादाकडे जात असे. पांढऱ्या कोळशाची एक गाडी त्याने मागवायची, एक मी. विहिरीच्या पाळीसारखीच ही पाळी. वाफ निम्मी निम्मी, असे वडील म्हणाले होते. ती कधी कोणी मोजली नाही. भावाच्या पाइपावर मीटर लावणे म्हणजे त्याच्या ताटाशेजारी तराजू मांडणे, असेच आमच्या घरात वाटले असते.

म्हणून मी संपूर्ण कारखान्याचे मानक निवडले. त्यात सोय अशी की बॉयलर मी चालवतो, तेव्हा त्याचा सगळा धूर माझा. भिंतीपलीकडे काय जाते हे मोजायची गरजच नाही. सीताबर्डीच्या सल्लागाराने हळूच विचारले होते, “गिऱ्हाईक सूत घेते ना सर? मग उत्पादनाचं पाहिजे असेल. एकदा विचारून घ्या.” मी विचारले नाही. दादाचा धूरही मी माझ्या नावावर घेतो आहे, यात मोठेपणाच आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. वास्तविक मला एक मानक हवे होते ज्यात दादाशी बोलावे लागणार नाही, आणि योग्यतेची सगळी चर्चा मी त्या एका कसोटीला लावत होतो.

पडताळणी करणाऱ्या संस्थेच्या एक बाई येऊन काम करून गेल्या, अहवाल गेला. उत्तर चार-पाच ओळींचे आले. अहवाल उत्तम आहे. परंतु तो तुमच्या सर्व कामकाजाचा आहे. आम्ही सूत घेतो. आम्हाला एक किलो सुतामागचे उत्सर्जन हवे आहे. ऑर्डरचा निर्णय तोवर थांबवला आहे.

मग पडताळणीसाठी पुन्हा त्याच बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला मृदू, आणि कशानेच न हटणाऱ्या.

“शेजारच्या युनिटला जाणारी वाफ किती, सर?”

“निम्मी.”

“कशावरून?”

“वडिलांनी तसं ठरवलं होतं.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “सर, ते मी कुठल्या रकान्यात लिहू?”

रविवारी सकाळी मी मनीषनगरला दादाकडे गेलो. वहिनीने दार उघडले आणि आत वळून ओरडली, “अहो, पहा कोण आलं! भाऊजी, रस्ता चुकले काय तुम्ही?” दादा पोहे खात होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि बशी बाजूला सारली.

“बोल गा. तुझं तोंड सांगून राहिलं का काही बिघडलं म्हणून.”

“बिघडलं नाही. दादा, तुझ्याकडे येते ते वाफ मोजा लागते.”

“काहून? तुले कमी पडून राहिली काय?”

“कमी नाही पडत. गिऱ्हाईक विचारते, एका किलो सुतामागं धूर किती. तुझी वाफ वजा केल्याशिवाय सांगता येत नाही.”

“मंग सांग ना निम्मी. बाबानं निम्मीच सांगतली होती.”

“अंदाज चालत नाही म्हणतात त्या बाई.”

“बाबाचा शब्द अंदाज झाला काय आता?”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, “धूर तर साऱ्या हिंगण्यात जाते. त्याचीही वाटणी करून राहिले काय दोघं भाऊ?” दादा हसला, आणि मला जरा धीर आला. मग त्याने बाजूला सारलेली बशी पुन्हा पुढे ओढली.

“लाव मीटर,” तो म्हणाला. “पण माझ्या एकट्याच्या पाइपाले नको. तुझ्याही पाइपाले लाव. लहान्यानं मोठ्यावर पहारा बसवला, असं कोणी म्हणाले नको.”

“दोन्हीकडे लावतो.”

“अन् एवढं विचाराले तू सारा पावसाळा घातला? मी खातो काय तुले?”

याचे उत्तर मी वाटेत, आणि नंतरही पुष्कळदा शोधले. तो खात नाही. त्याने आयुष्यात मला कधी नाही म्हटलेले नाही, आणि कदाचित म्हणूनच मला त्याला विचारणे जड जाते.

मीटर बसले. काही आठवडे नोंदी झाल्या आणि दिसले ते कोणीच धरले नव्हते. चादरींना वाफ फार लागते. वडिलांच्या वेळी दादाचे काम लहान होते, आता ते माझ्यापेक्षा मोठे झाले आहे. दादाकडे निम्म्यापेक्षा पुष्कळ अधिक वाफ जात होती. माझ्या सुतामागचा आकडा त्यामुळे खाली आला. गिऱ्हाइकाने तो मान्य केला आणि ऑर्डर आली.

ती बातमी सांगायला मी जाणार, तोच दादा स्वतः बॉयलरपाशी आला. त्याने दोन्ही मीटर निरखून पाहिले. डोळे बारीक करून, चष्मा वर करून, पुन्हा पाहिले.

“म्हणजे कोळशाच्या गाड्या बरोबरीच्या, अन् वाफ माझ्याकडं जास्त.”

“दादा, मले काही फरक पडत नाही.”

“तुले नाही पडत. मले पडते ना गा.”

मी त्याला परोपरीने सांगितले. हे केवळ गिऱ्हाइकापुरते आहे, आपल्या दोघांत जे चालत आले तेच चालेल, वाटल्यास मीटर काढून टाकू. काढून टाकू म्हणताच तो माझ्याकडे असा पाहू लागला, की आपण किती पोरकट बोललो हे मला कळले. पाहिलेला आकडा काढून टाकता येत नाही. दिवाळीनंतर त्याच्या आवारात त्याचा स्वतःचा बॉयलर उभा राहिला. भांडण झाले नाही. बॉयलरच्या पूजेला त्याने मला जोडीने बोलावले आणि नारळ माझ्या हातून फोडवला. आमचा पाइप कापून भिंतीतले भोक विटांनी बुजवले, तेव्हा गवंडी कोणाचा लावायचा यावरूनही आमचे अगदी सौजन्याने बोलणे झाले. इतक्या सौजन्याने आम्ही पूर्वी कधी बोलत नव्हतो.

यंदाच्या पडताळणीला त्याच बाई आल्या. काम लवकर आटोपले. “सर, आता तुमची सीमा अगदी स्पष्ट झाली,” त्या मनापासून म्हणाल्या. “वाटपाची भानगडच उरली नाही.” त्यांचे म्हणणे अचूक होते, आणि मी सही केली. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसे हजेरी लावत होती. बुजवलेल्या जागेवरचे सिमेंट अजून भिंतीच्या रंगाचे झालेले नाही. तेवढा चुन्याचा एक हात मारून घेऊ का, असे सुपरवायझर कधीचा विचारतो आहे. मी त्याला अजून हो म्हटलेले नाही.