सोमवारी शिट्टी न वाजणारं गाव

“सोमवारी मंडई? अन् त्या गावाले?” पुढच्या बाकावरची हिरव्या लुगड्यातली मावशी शेजारणीला म्हणाली. “पोट भरून जाय बाप्पा. तथी रातच्याले भात नाई भेटत.”

दोघी खदखदून हसल्या. मी त्यांच्या मागच्या बाकावर खिडकीला चिकटून बसले होते, आणि त्याच गावाला निघाले होते.

खरं तर मी त्या बसमध्ये असायलाच नको होतं. नागपूरहून तिरोड्याला थांबणारी गाडी पकडायची होती. मी जी पकडली ती न थांबता थेट गोंदियाला गेली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी हिंदीत घेरलं, “कहाँ जाना है दीदी?” “तिरोड्याला” हे सांगायलाही मला लाज वाटली, कारण मी तिरोड्यावरूनच आले होते. मग मुकाट्यानं उलट दिशेची एसटी धरली.

मावशी मागे वळली. “तू कोठी जाऊन राहिली वो?”

“तिरोडा,” मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. अनोळखी माणसांशी मी एवढंच बोलते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बोलताना अडखळते असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. मी इंग्रजीतही गप्पच असते.

बाहेर सगळीकडे धान कापून झालं होतं. बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) पेंढ्या आडव्या पडलेल्या, कुठे पुंजणे (धानाच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) गोल टोप्यांसारखे उभे. बांधांवर मोहाची झाडं. एवढा भात पिकवणाऱ्या मुलखात एका गावाला भात मिळत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना.

तिरोड्याला वैशाली स्कूटी घेऊन उभी होती. नागपूरला आम्ही एका खोलीत राहतो. दिवाळीनंतर इकडे प्रत्येक गावाची मंडई (जत्रा) भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे पाहुण्यांना आठवडाभर या गावाहून त्या गावाला जेवत फिरता येतं. लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, दंडार (टाळ-डफाच्या साथीनं पुरुषांनी केलेला नाच आणि सोंगं) होते. वैशालीनं गेली दोन वर्षं बोलावलं होतं, यंदा मी हो म्हटलं.

“अरे यार, तुला एक गोष्ट सांगायचीच राहिली,” ती स्कूटीवरून ओरडून म्हणाली.

“भात नाही,” मी मागून म्हणाले.

तिनं ब्रेकच मारला. “कोणी सांगितलं?”

मग उरलेल्या रस्त्यात तिनं सगळं सांगितलं. पासष्टच्या लढाईच्या वेळी देशात धान्याची टंचाई होती. तेव्हाच्या पंतप्रधानांनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण, सोमवारी संध्याकाळचं, सोडायला सांगितलं. देशभर लोकांनी सोडलं, पुढे टंचाई गेली, लोक विसरले. हे एक गाव विसरलं नाही. अजूनही सोमवारी संध्याकाळी गावात भात शिजत नाही.

“आणि माणसं उपाशी राहतात?”

“छे! सुवाऱ्या (पुऱ्या) खातात, वडे खातात, शेवयांची खीर खातात. पण भात नाही म्हणजे जेवण नाही. झाला उपास.”

पोहे चालतात का, यावर म्हणे मागे पंचांची बैठक झाली होती. पोहे हा नाश्ता आहे, असा निकाल लागला. तांदळाच्या भाकरीचा निकाल अजून लागायचा आहे. दरवर्षी पंच मंडईसाठी सोमवार टाळतात, पण यंदा दंडारवाल्यांना दुसरा दिवस मोकळा नव्हता.

“आमच्या घरी यंदा मोठी पंचाईत आहे,” वैशाली म्हणाली. हे मात्र ती हसून म्हणाली नाही.

पंचाईत काय, ते घरी पोचल्यावर दिसलं. वैशालीचे आजोबा तुकारामजी, म्हणजे सगळ्यांचे आजा, आणि त्यांची धाकटी बहीण कौसल्यामाय एकाच घराच्या दोन भागांत राहतात. अंगणात मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. त्यांचा थोरला भाऊ त्या लढाईत गेला. एक डोंगर घेताना. लढाई संपली, बोलणी झाली, आणि पंतप्रधानांनी तो डोंगर परत दिला. आजा तेव्हा शाळकरी होते. त्यांनी सोमवार कधीच मोडला नाही. कौसल्यामायनं डोंगर परत गेल्याची बातमी कळली त्या दिवसापासून सोमवार पाळला नाही. विधवा होऊन माहेरी परतली तेव्हापासून दर सोमवारी ती भिंतीपलीकडे मुद्दाम भात लावते. गावात त्या संध्याकाळी एकच कुकर वाजतो.

एरवी हे भांडण सोमवारपुरतं असतं. पण मंडईच्या रात्री बहीण भावाकडे जेवते, ही रीत. तिनं एक वर्षही चुकवलं नव्हतं. आज भाऊ भात रांधणार नव्हता, आणि सोमवारी भाताशिवाय ती जेवणार नव्हती.

“सकाळपासून आजानं तीनदा दाढी केली,” वैशालीची आई मला हळूच म्हणाली. “टेन्शन आहे त्यायले.”

दुपारी मात्र भात होता. मला वाढताना आईंचा हात थांबेना. “खाऊन घे, रातच्याले नाई भेटनार.” लाखोरीच्या डाळीचं वरण, तलावातले मासे, जवसाची चटणी आणि भाताचा डोंगर. त्या घरात डोंगर हा शब्द मनातसुद्धा जपून वापरावा लागतो, हे मला तोवर कळलं होतं.

तिसऱ्या प्रहरी आम्ही मंडईत गेलो. उकडलेले शिंगाडे, गोडीशेव, बांगड्या, आकाशपाळणा. वैशालीला दर चार पावलांवर कोणीतरी थांबवून लग्नाचं विचारत होतं. पिंपळाखाली दंडार रंगली होती. लुगडं नेसलेला सोंगाड्या उपाशी पाहुण्याची नक्कल करत होता, पोटावर हात फिरवत रडत होता. तेवढ्यात त्याला मी दिसले.

“या मॅडम कोन? शहरातल्या? मंग यायलेच विचारू!” त्यानं माझ्यासमोर डफ धरला. “आजा म्हनते, थो देवमानूस होता. माय म्हनते, त्यानं डोंगर देऊन टाकला. तुमी शिकल्या सवरल्या. निकाल द्या!”

दोनशे डोळे माझ्यावर. मी शिंगाडा तोंडात टाकला आणि चावत राहिले.

“शिंगाडा चालते वो, शिंगाडा भात नाई!” सोंगाड्या ओरडला. लोक लोटपोट झाले. मी वैशालीच्या पाठीमागे लपले.

घरी आलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. आजा ओसरीत तांदळाच्या पोत्याजवळ बसले होते. हातात पितळेचं माप. त्यांनी ते शिगोशीग भरलं, तळव्यानं सपाट करायला गेले, मग न करता तसंच शिगेसह माझ्यापुढे धरलं.

“भिंतीपल्याड देऊन ये पोरी. काई बोलू नोको.”

हे काम माझ्या स्वभावाला जमण्यासारखं होतं.

कौसल्यामाय चुलीपाशी नाही, गॅसपाशी बसली होती. लहानखुरी, कपाळावर गोंदण, कानात जाड बाळ्या. माप हातात घेऊन तिनं वजनाचा अंदाज घेतला. “आज मंडईचा हात सैल आहे बुडग्याचा,” ती म्हणाली आणि ते तांदूळ कुकरच्या भांड्यात ओतले.

मी उभीच राहिले.

“नवल वाटून राहिलं का? बस.” तिनं पाट सरकवला. “तवा मास्तर संध्याकाळी गावातून फिरे. कोनाच्या घरावर धूर दिसते का पाहे. ज्या घरी नाई रांधलं, त्या घरचे तांदूळ जवानाच्या घरी जात. आमच्याच घरी येत. दादा लढाईवर होता ना. दादा गेला, तरी येत. मंग गावानं बंद केलं.” ती तांदूळ धुवायला लागली. “तुकारामनं नाई केलं. म्हनते, जवानाच्या घरचं मानूस तू आहेस.”

“आणि आजोबा? तेही त्याच घरचे ना?” माझ्या तोंडून निघालं.

“थो उपास करते ना. उपास करनारा कसा घेईन?”

म्हणजे दर सोमवारी आजा जो भात खात नाहीत, तोच भात माय शिजवते. त्यांच्या भांडणाचे तांदूळ एकाच पोत्यातले होते. हे दोघांनाही ठाऊक होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं. अशा गावात मी आरामात राहू शकेन, असं मला वाटलं.

तिन्हीसांजेला गाव खरंच शांत झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा शिट्ट्यांशिवायची संध्याकाळ ऐकली. अंगणात पाहुणे बसले, सुवाऱ्यांची टोपली आली, वड्यांचा वास सुटला. आणि मग पलीकडून पहिली शिट्टी. पाहुण्यांतला एकजण फिसकन हसला. आजांनी त्याच्याकडे पाहिलं.

“माय आल्याशिवाय पंगत नाई बसनार,” ते म्हणाले. “जा पोरी, बलावून आन.”

मी गेले. “भात असन तं येतो म्हना,” माय म्हणाली. मी परत आले, पुटपुटले. “भात नाई म्हना, पन बहीन पायजे,” आजा म्हणाले. मी पुन्हा गेले. “बहीन एथीच आहे, कोठी गेली नाई म्हना.” दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. भिंत कमरेएवढी होती. पाहुणे मान इकडून तिकडे वळवत होते आणि सुवाऱ्या बसत चालल्या होत्या. आजांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. चेष्टा सुरू होती तरी त्यांचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्यांदा मी मायपुढे उभी राहिले. कोनाड्यात आजांच्या घरचं ते रिकामं पितळी माप होतं. मी ते उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

माय मापाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. “मुकी दिसतेस,” ती म्हणाली, “पन खोडील आहेस.” तिनं पदरानं कुकरचा दांडा धरला, कुकर उचलला आणि तरातरा भिंतीला वळसा घालून भावाच्या अंगणात आली.

“हा माहा भात. कोनाले देनार नाई.”

“मांगते कोन?” आजा म्हणाले. “पाट द्या वो मायले. एथी, माह्याजवर.”

पंगत बसली. तिच्या ताटात भात, त्याच्या ताटात सुवारी. त्यानं तिला वडे वाढले, ते तिनं घेतले. तिनं माझ्या पानात दोन घास भात टाकला, तेव्हा आजा नेमके आभाळाकडे पाहत होते. आणि वाद जेवणभर चालला.

“भुकेचं राज्य होतं कौसल्ये. थो बोलला, आधी माह्या घरी सोडतो, मंग तुमी सोडा. असा बोलनारा एक दाखव.”

“माह्या भावानं जीव देऊन घेतलं, यानं टेबलावर बसून देल्लं. आमाले विचारलं का कोनी?”

“लढाई थांबली त्यानं. अजून किती जनांचे भाऊ गेले असते.”

“त्यायचे वाचले. माहा कोठी वाचला?”

इथे आजांनी हातातली सुवारी ताटात ठेवली. म्हणाले, “माहाबी थोच भाऊ होता वो.” मायनं त्यांच्या ताटात एक वडा परत टाकला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला पाच सुवाऱ्या, चार वडे आणि दोन वाट्या खीर झाली होती. वैशालीची आई हळहळत होती, “पोरगी उपाशीच राहिली.”

सकाळी निघण्याआधी वैशालीनं मला बोदलकसाच्या तलावावर नेलं. टेकड्यांच्या मधे पसरलेलं पाणी, त्यावर धुकं, आणि एक कोळी डोंग्यात उभा राहून जाळं ओढत होता. मी शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवत होते. त्या पंतप्रधानांवर त्यात एक फोटो आणि थोड्या ओळी होत्या. परीक्षेत त्यांचे गुण लिहा असा प्रश्न यायचा, आणि मला त्यात पूर्ण मार्क मिळायचे. ज्यानं मागितलं म्हणून एक गाव अजून जेवण सोडतं, तो माणूस मोठाच. आणि ज्याच्या सहीनं एका घरचा मुलगा पुसला गेला असं त्याच्या बहिणीला वाटतं, तोही तोच माणूस. यातलं एक खोडून दुसरं लिहायला मला जमेना. त्या अंगणात ते कोणी करतही नव्हतं. तिथे दोन्ही पाट शेजारी मांडले होते.

परतीच्या बसमध्ये चढले, तर हिरव्या लुगड्यातली मावशी समोर. आज लुगडं जांभळं होतं. तिनं मला बरोबर ओळखलं.

“तिरोडा म्हनत होतीस, अन् मंडईत शिंगाडे खात होतीस! पाहिलं मी तुले.” तिनं सरकून जागा केली. “मंग? डोंगर देनारा थो मानूस चांगला होता का नाई? काय ठरलं?”

बसमधले चार-पाच जण वळून पाहायला लागले. कंडक्टरही थांबला. मी खिडकीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

“नाही ठरलं, मावशी,” मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. “पण जेवले सगळे एकाच पंगतीत. भातासकट.”