सुटलेला ‘तो’

वेलांटीबाईंच्या हातून चूक सुटली, असं त्या प्रकाशन संस्थेत कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. बाई मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचं पान न् पान वाचायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून तर ऑफिसातल्या पोरांनी त्यांना ते नाव पाडलं होतं. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की बाई तिथून सामान घेत नसत. नवरा हसायचा. म्हणायचा, “अगं, त्याची पाटी अशुद्ध असेल, साखर तर शुद्ध आहे ना?” पण नाही म्हणजे नाही.

तर अशा बाईंच्या हातून सुटली. आणि सुटली तीही कुठे? पुस्तकाच्या शेवटच्या ओळीत! मधल्या कुठल्या पानात दडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण शेवटची ओळ म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पुस्तक तरुण पोरापोरींचं. ‘उत्तराची घाई नाही’ नावाची एक प्रेमकथा होती, सगळी ईमेलमधून सांगितलेली. एक मुलगा, एक मुलगी, दोघं दोन गावांत. भांडण, अबोला आणि पहिला भाग संपला. पोरापोरींनी दुसऱ्या भागासाठी जीव टाकला होता. तो आला, ‘आता तरी उत्तर दे’. त्यात मुलीचा स्कूटरवरून अपघात होतो, काही दिवस तिची ईमेल येत नाही, मग यायला लागते, आणि शेवटी ती लिहिते: ‘मी स्टेशनबाहेर उभी आहे. तुला वेळ लागला तरी चालेल. मी वाट बघतो.’

बघतो! उभी आहे, आणि वाट बघतो!

खरी गोष्ट एवढीच, की लेखिकेनं ते शेवटचं पत्र आधी मुलाच्या नावानं लिहिलं होतं. मग तिला वाटलं, नको, मुलीनं लिहावं. ‘उभा’चं ‘उभी’ केलं, बाकीचंही बदललं आणि एवढं एक क्रियापद राहिलं. ‘ते’ला एक काना जास्त, बस. तो काना पकडण्यासाठीच तर बाईंना पगार मिळत होता.

पण वाचक काय कमी असतात? आठवडा झाला नाही तोच ईमेलचा पाऊस सुरू झाला. वाचकांनी राईचा पर्वत नाही, पर्वतांची रांग उभी केली. म्हणे, मुलगी अपघातातच गेली. पुढची सगळी ईमेल तो मुलगाच तिच्या नावानं स्वतःला पाठवतोय. शेवटच्या ओळीत त्याचा तोल गेला आणि खरं काय ते बाहेर आलं. मग लोक पुस्तक पहिल्यापासून परत वाचायला बसले, आणि खरं सांगायचं तर त्यांना पुरावेही सापडले! एकीनं लिहिलं, ‘अपघातानंतर ती एकदाही हसल्याची खूण टाकत नाही. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले.’ एकानं लिहिलं, ‘मी मुलगा असून रडलो, कृपया माझं नाव कुठे छापू नका.’ एक जण नुसतीच चिडली होती: ‘तुम्ही तिला मारलंत. तुमचं कधी भलं होणार नाही. तिसरा भाग कधी येतोय?’ एका आजोबांनी नातीचं पुस्तक चोरून वाचलं होतं आणि पोरगा आपल्याला पसंत असल्याचं कळवलं होतं. एक शिक्षक तेवढे म्हणाले, की हा मुद्रणदोष आहे, पोरांनो अभ्यासाला लागा. त्यांच्यावर बाकीचे असे तुटून पडले की ते पुन्हा दिसले नाहीत.

लेखिकेचं तर विचारू नका. सकाळी तिनं मालकांना फोन करून ढसाढसा रडून घेतलं, “माझ्या पुस्तकाची वाट लावलीत तुम्ही!” संध्याकाळी विक्रीचा आकडा कळला, तेव्हा एका मुलाखतीत शांतपणे म्हणाली, “तो ‘तो’ मला तसाच हवा होता.”

मालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण धंद्यापुढे त्याला काही दिसत नसे.

“बाई, जे झालं ते झालं. उलट बरंच झालं. दुसरी आवृत्ती तशीच काढतोय, ‘तो’ला हात लावायचा नाही. आणि ही सगळी ईमेल तुम्ही बघा. प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे. हे वाक्य घ्या: ‘इतक्या बारकाईने वाचल्याबद्दल आभार. शेवटाचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.’ चूक हा शब्द या ऑफिसातून बाहेर गेला, तर ज्याच्या तोंडून गेला त्यानं दुसरं काम शोधावं.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

दुसरी कुणी असती तर भांडली असती, निदान कपाळाला हात लावला असता. पूर्वीच्या वेलांटीबाई तर ती ओळ दुरुस्त केल्याशिवाय जेवल्या नसत्या. पण बाई जागेवर येऊन बसल्या आणि उत्तरं पाठवायला लागल्या. त्यांना काहीच वाटत नव्हतं. लाज नाही, राग नाही, गंमतही नाही. काही वाटत नाही याचं वाईट वाटावं, तर तेही वाटत नव्हतं.

हे असं नवरा गेल्यापासून होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीच्या तळमजल्यावर काम करताना छातीत कळ आली आणि अवजारांच्या पेटीशेजारीच खाली बसला, तो उठला नाही. बाईंना फोन आला तेव्हा त्यांच्यासमोर याच पुस्तकाचं बाड होतं, शेवटची तीन प्रकरणं राहिलेली. घर माणसांनी भरलं. कुणी पाणी देत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. आणि बाईंनी काय करावं? जेवणाच्या टेबलावर बाड पसरून वाचायला बसल्या! नणंद दारात उभी राहून बघत राहिली. “वहिनी, अगं, आता हे?” एवढंच म्हणाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. आणि एकोणीस वर्षांची लेक, बापाची लाडकी, भिंतीला टेकून आईकडे बघत होती. त्या दिवसापासून तिनं आईशी कामापुरतंही बोलणं जवळजवळ सोडलं.

नवरा होता तेव्हा हे घर त्याच्याच आवाजानं भरलेलं असायचं. आता दोघी एकाच टेबलाशी जेवायच्या आणि मीठ हवं असेल तर लेक उठून स्वतः घ्यायची. एकदा मात्र तिचा बांध फुटला होता.

“तुझ्यासोबत राहणं म्हणजे फ्रिजसोबत राहणं आहे! फ्रिज निदान आवाज तरी करतो!”

बाई भांडी घासायला उठल्या. दुसऱ्या दिवशी लेकीनं सांगितलं, की ती आत्याकडे राहायला जातेय. कायमची. कॉलेजही तिकडचंच घेणार. आत्या रविवारी न्यायला येईल. बाई तेव्हाही “बरं” म्हणाल्या. रात्रभर मात्र टक्क जाग्या होत्या. लेक जाता कामा नये, ती गेली की आपलं कुणी उरत नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण पोरीला थांबवायचं तर काहीतरी वाटल्याचं दाखवावं लागतं, आणि ते आणायचं कुठून? उसनं मिळत असतं तर त्या शेजारणीकडे वाटी घेऊन गेल्या असत्या.

शुक्रवारी दुपारी बाई नेहमीप्रमाणे ईमेल उघडत होत्या. वाचायचं, मालकांचं वाक्य चिकटवायचं, पाठवायचं. एक लांबलचक पत्र आलं. पत्ता अनोळखी, खाली नाव नाही, लेखिकेला उद्देशून.

‘ताई, इंटरनेटवर काही उंटावरचे शहाणे म्हणताहेत की तो “बघतो” म्हणजे छपाईची चूक आहे. त्यांना माझ्याकडे पाठवा. तुमचं पुस्तक माझ्या आईनं तपासलंय. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. माझे बाबा गेले त्या आठवड्यात आमचं घर माणसांनी भरलं होतं आणि आई जेवणाच्या टेबलाशी बसून तुमचं पुस्तक तपासत होती. ती रडली नाही. एकदाही नाही. आता तुम्हीच विचार करा, जी बाई तेव्हा जरासुद्धा हलली नाही, तिच्याकडून “ते”चा “तो” सुटेल? शक्यच नाही. म्हणजे तुम्ही तो मुद्दाम ठेवलाय. ती गेली, आणि तो तिच्या नावानं लिहीत राहिला. मला हे फार आवडलं, ताई. निदान पुस्तकात तरी कुणीतरी कुणासाठी वेडं झालं. आमच्या घरात कुणी झालं नाही.’

बाईंनी सवयीनं आधी चुका शोधल्या. एकही नव्हती. पोरीला शुद्ध लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

मग त्यांनी ते पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर आपटत होतं. बाईंनी मालकांचं वाक्य चिकटवलं. ‘शेवटाचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.’ पाठवायला बोट नेलं, आणि तिथंच थांबल्या. पोरीनं अर्थ लावलाच होता की! आईला काही झालं नाही, हा. तोच अर्थ पेटीत भरून ती परवा आत्याकडे निघणार होती.

बाईंनी वाक्य पुसलं. नोकरी जाईल, हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं एवढंच. त्या लिहायला लागल्या.

‘ती चूकच आहे. लेखिकेकडून एक क्रियापद बदलायचं राहिलं. ते धरायचं काम माझं होतं. ते पान मी कितीतरी वेळा वाचलं. त्यात काय लिहिलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. टेबलाशी बसले, कारण तिथून उठून कुठे जायचं ते कळत नव्हतं.’

खाली ‘आई’ लिहिणार होत्या. पण पत्र काही आईला आलेलं नव्हतं. म्हणून ‘मुद्रितशोधक’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तर लेकीची बॅग दाराशी, आणि लेक जेवणाच्या टेबलाशी. समोर पुस्तक.

“ते उत्तर तू लिहिलंस?”

“हो.”

“तुझ्या मालकांना कळलं तर?”

“काढतील.”

लेकीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “मी जाऊ नये म्हणून बनवून नाही ना लिहिलंस?”

“मला बनवून लिहिता आलं असतं तर लेखिका झाले असते गं. दुसऱ्यांच्या वेलांट्या कशाला मोजत बसले असते?”

लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिनं ते घाईनं गिळलं. “त्या आठवड्यात किती तपासलंस?”

“शेवटची तीन प्रकरणं.”

लेकीनं पेन्सिल घेतली आणि आधीच्या प्रकरणांना हात न लावता मागची पानं उघडली. बाई चपला न काढता तिथंच उभ्या राहिल्या. पेन्सिल ओळींवरून सरकत राहिली. मग पेन्सिल थांबली.

“‘आणि’ दोनदा आलंय. आणि आणि.”

लेकीनं त्याभोवती गोल केला आणि पुढे गेली.

“इथे ‘दिवस’चं ‘दिसव’ झालंय. आई, दिसव! हे तर पहिलीतल्या पोरालाही दिसेल!”

“दिसायला हवं होतं.”

“इतक्या लोकांनी वाचलं, कुणाला कसं सापडलं नाही?”

“लोक गोष्ट वाचतात. चुका कोण वाचतंय?”

लेक वाचत राहिली. एका पानावर पूर्णविराम गायब होता. एका पानावर मुलीची आई अचानक मुलाची आई झाली होती. लेक प्रत्येक चुकीभोवती गोल करत होती, आधी भराभर, मग हळूहळू. नाक ओढत होती. एक गोल ओला होऊन पसरला, तो तिनं तळव्यानं पुसला आणि आणखी पसरवला. आधीच्या सगळ्या प्रकरणांत मिळून इतक्या चुका सापडल्या नसत्या. बाई बघत होत्या. रडू त्यांना अजूनही येत नव्हतं. भूक मात्र लागल्यासारखी वाटली, बऱ्याच दिवसांनी.

फोन वाजला. नणंद होती. “वहिनी, रविवारी सकाळीच निघते मी. तिला म्हणावं, आवरून बस.”

बाईंनी फोनवर हात ठेवला. “आत्या आहे. रविवारी सकाळी येतेय म्हणते. काय सांगू?”

“येऊ नको म्हणावं. माझं हे संपायचंय.” लेकीनं पान उलटलं, डोळे बाहीनं पुसले आणि शेजारची खुर्ची पायानंच बाहेर ओढली. “बस ना इथे. बघ, या पानावर तर किती रडलीयेस तू.”