खंडेनवमीचं पिस्तूल

आयर्लंडमधल्या मेनूथ गावची मराठी मंडळी शैलेंद्रबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात. गणपतीच्या मखराची वायरिंग त्याच्याशिवाय कुणी करत नाही, ही एक. आणि त्याच्या घरी जिन्याखाली पिस्तुलं आहेत, ही दुसरी. दुसरी सांगताना आवाज आपोआप खाली येतो, जणू गृहस्थ रोज रात्री कुणाला तरी उडवूनच झोपतो. खरा शैलेंद्र बावन्न वर्षांचा, ढेरी सुटलेला, एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस. न्हाणीघरात कोळी दिसला तर ज्ञानदाला, म्हणजे बायकोला, हाक मारतो.

त्याला हा नाद लागला तो इथे आल्यावर. कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल आणि जमिनीवर कायम लोखंडाचा कीस. शाळा सुटली की शैलेंद्र तिथेच पडलेला असायचा. पुढे कॉलेज झालं, कॉम्प्युटर आला, आयर्लंड आलं, आणि लोखंडाला हात लावायचं कारणच उरलं नाही. मग ऑफिसमधल्या एकानं त्याला शेजारच्या मीथ काउंटीतल्या एका शूटिंग क्लबवर नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये शिरताच यंत्राच्या तेलाचा वास आला आणि हा पठ्ठ्या दारातच थांबला. त्या दिवशी त्यानं एकही गोळी झाडली नाही, पण मेंबरशिपचे पैसे भरूनच घरी आला.

त्याचं नशीब असं की हे सगळं दोन हजार आठच्या आधी घडलं. त्या वर्षी सरकारनं मोठ्या कॅलिबरच्या हँडगनची नवी लायसन्सं बंद केली. ज्यांच्याकडे आधीपासून होतं, त्यांचं चालू राहिलं. त्यामुळे इथला या पिस्तुलांचा बाजार म्हणजे तीच ती डोकी. अदलाबदल करायची ती आपापसातच. माणूस गेला की त्याचं पिस्तूल मुलाला मिळत नाही आणि दरवर्षी शेडमधली एखादी खुर्ची रिकामी होते. शैलेंद्र या मंडळींत सगळ्यात तरुण. बावन्नाव्या वर्षी कुणी तरुण म्हणावं असं दुसरं ठिकाण त्याला माहीत नव्हतं.

या मंडळींत फिंटन होता. ड्रोहेडाचा, आयुष्यभर बस चालवलेला, आता अठ्ठ्याहत्तरचा. बोलणं कमी आणि तेही खडूस. शैलेंद्रला पिस्तूल धरायला त्यानं शिकवलं, म्हणजे चुका झाल्या की मागून "नाही" म्हणत राहिला. फिंटनकडे पंचेचाळीस कॅलिबरचं एक जुनं अमेरिकन पिस्तूल होतं. पोलादाला निळसर काळी झळाळी देतात, तिला ब्लूइंग म्हणतात. या पिस्तुलाचं ब्लूइंग सत्तर वर्षांनंतरही असं होतं की त्यात खिडकी दिसावी. डिक्लन नावाचा एक संग्राहक त्याच्या मागे वर्षानुवर्षं लागला होता. फिंटन त्याला दाद देत नव्हता.

या उन्हाळ्यात फिंटनच्या मनगटांनी संप पुकारला. संधिवात. पंचेचाळीसचा झटका सोसेना. एका रविवारी तो शैलेंद्रजवळ येऊन उभा राहिला.

"तुझं ते हलकं पॉइंट टू टू मला दे. माझं तू घे."

"फिंटन, अरे, बरोबरी तरी आहे का? डिक्लन तर..."

"डिक्लन काचेत ठेवेल. तू घे."

डीलरकडचे कागद, गार्डा म्हणजे पोलीस स्टेशनची परवानगी, सगळं सप्टेंबरात उरकलं आणि पिस्तूल शैलेंद्रच्या घरी आलं. पण या क्लबाची स्वतःची एक रीत आहे आणि तिच्यापुढे कागदांना कुणी विचारत नाही. अदलाबदल झाल्यावरच्या पहिल्या मेळाव्याला जुना मालक सगळ्यांदेखत आपलं पिस्तूल स्वतःच्या फडक्यानं एकदा पुसतो आणि नव्या मालकाच्या हातात देतो. याला नुसतं 'पुसणं' म्हणतात. पुसेपर्यंत जुन्या मालकाला मन बदलायची मुभा असते. त्यानं वस्तू परत मागितली तर द्यायची, कारण विचारायचं नाही.

नेमकी त्याच दिवसांत शैलेंद्रची आई, विजयालक्ष्मीबाई, कोल्हापूरहून आलेली होती. नवरात्र इथेच बसलं. खंडेनवमीच्या सकाळी त्या म्हणाल्या, "शैलू, तुझ्या बाबांनी लेथला हार घातल्याबिगर कधी दसरा केला न्हाई. तुझ्याकडं हत्यार हाय म्हणतोस, मग पूजा कर की."

"आजी, फुलं? गनवर? दॅट्स मेंटल," मुक्ता, त्याची लेक, टोस्ट खाता खाता म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

इतकी वर्षं पिस्तुलं घरात असून शैलेंद्रला पूजेचं कधी सुचलं नव्हतं. विकत घेतलेली वस्तू ती, आवडीची असली तरी. हे पिस्तूल मात्र कुणीतरी विश्वासानं हाती दिलेलं होतं. संध्याकाळी आंघोळ करून त्यानं पाट मांडला, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, आणि मग ते स्पिरिटनं लख्ख पुसून काढलं. तेलावर कुंकू बसत नाही म्हणून. हळद-कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, वर टेस्को सुपरमार्केटातून आणलेलं, धुतलेलं झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, आणि इथल्या कायद्यानं ते उघड्यावर ठेवायचं नाही. त्यानं दोन्ही पाळलं. पाटासकट सगळं जिन्याखालच्या लोखंडी तिजोरीत सरकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ऑफिसचा फोन आला, कॉर्कला सिस्टिम बंद पडली होती. शैलेंद्र दसऱ्याचं ताट सोडून गेला तो शनिवारी दुपारी परतला. किल्ली सोबतच होती. ती दुसऱ्या कुणाकडे देणं गुन्हा, त्यामुळे घरी कुणी तिजोरी उघडायचा प्रश्नच नव्हता.

उघडली तेव्हा फूल सडून पिस्तुलाला चिकटलेलं होतं. त्यानं ते उचललं आणि खाली तांबूस गंजाचं वर्तुळ दिसलं. तेल आणि कापूस घेऊन तो हलक्या हातानं चोळत बसला. गंज निघाला, पण गंजाबरोबर झळाळीही निघाली. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, अगदी वरच्या अंगाला, रुपयाएवढा उघडा करडा डाग राहिला, कडेला बारीक खड्डे पडलेला. वडिलांच्या लेथवर आयुष्यभर हार पडले, पाणी पडलं, काही झालं नाही, कारण तो लेथ तेलानं माखलेला असायचा आणि त्यावरचं कुंकू दरवर्षी ओघळायचं. ते ओघळू नये म्हणून यानं अक्कल चालवली होती.

उद्या रविवार, आणि उद्याच पुसणं.

किचनच्या प्रेसमध्ये (इथे राहून तोही कपाटाला प्रेस म्हणायला लागला होता) एक छोटी बाटली होती. तिच्यातलं औषध कापसानं लावलं की उघडं पोलाद काळं पडतं. तज्ज्ञाला कळतं, पण फिंटनचा चष्मा जाड होता आणि शेडमध्ये उजेड बेताचा. शैलेंद्रनं बाटली काढून टेबलावर ठेवली आणि नुसता तिच्याकडे बघत बसला.

"काय रे ते?" विजयालक्ष्मीबाई समोर येऊन बसल्या. त्यांना डाग दाखवावा लागला. त्यांनी तो चष्मा लावून निरखला. मग म्हणाल्या, "ठेव ती बाटली. उद्या मी येते तुझ्यासंगं. पूजा कर म्हटलं ते मीच की. मी सांगते त्यांना."

त्यानं बाटली परत ठेवली. मोठा शहाणा म्हणून नव्हे. आईसमोर ती उघडायची त्याला लाज वाटली.

रविवारी शेडमध्ये नऊवारी, त्यावर ज्ञानदाचं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा वेशात विजयालक्ष्मीबाई अवतरल्या. म्हाताऱ्यांनी लगबगीनं त्यांना हीटरजवळची खुर्ची दिली, चहा दिला. डिक्लनही कप घेऊन पुढेच उभा होता. फिंटननं खिशातून फडकं काढलं, शैलेंद्रनं आणलेली पेटी उघडली आणि त्याचा हात तसाच राहिला. बाटलीतलं औषध लावलं असतं, तरी त्याच्या जाड चष्म्यानं शैलेंद्रला वाचवलं नसतं. त्याचा अंगठा थेट डागावर गेला होता.

डिक्लननं मान लांब करून पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं.

विजयालक्ष्मीबाई उठल्या. "माय मिस्टेक," त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरून पाठ करून आल्या होत्या. "आय टेल, पूजा. फ्लॉवर. सॉरी."

फिंटन त्यांच्याकडे बघत राहिला. चेहरा जरा सैलावला. "तुझ्या आईनं केलं?" त्यानं शैलेंद्रला विचारलं. "मग काय बोलणार. चालायचंच. इट्स ग्रँड, मिसस."

तिथेच सगळं मिटत होतं. फिंटननं पुसायला घेतलंही. आणि शैलेंद्रला एकदम जाणवलं की आता गप्प राहिलो, तर हे पिस्तूल घरी येईल, पण या माणसासमोर ते हातात धरताना दर रविवारी आईच्या पदराआड उभं असल्यासारखं वाटेल.

"तिनं नाही," तो म्हणाला. "पूजा कर एवढंच ती म्हणाली. तेल मी पुसलं. पाणी मी घातलं. ओलं फूल ठेवून कुलूप लावून मी गेलो. तुला परत न्यायचं असेल तर ने, फिंटन. मी काही म्हणणार नाही."

फिंटननं फडकं थांबवलं. "फूल का?"

शैलेंद्रनं सांगितलं. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं किंवा जीव असतो, तिला वर्षातून एक दिवस नमस्कार करायचा. लेथ, वही, तलवार, काहीही. "माझ्या दुसऱ्या कुठल्या पिस्तुलाला मी कधी केला नव्हता. तुझ्याच याला केला."

फिंटन खुर्चीत बसला. पिस्तूल मांडीवर होतं, अंगठा अजून डागावरच फिरत होता. तो बोलला, तेही खाली बघत.

"यातून मी किती गोळ्या झाडल्या असतील? दोन डबेही नाहीत. ओरखडा पडेल, घाम लागेल, म्हणून दर वेळी दुसरंच घेऊन यायचो. मनगटांत जोर होता तेव्हा मी याची झळाळी जपत बसलो. आता झळाळी गेली, आणि मनगटंही."



"काय म्हणाले रे?" विजयालक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं. शैलेंद्रनं सांगितलं, मधे एकदा थांबून. त्यांनी फिंटनच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

"मग आज त्यांनाच उडवू दे की पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "तू धर मागनं."

शैलेंद्रनं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा फिंटन नाही म्हणाला. मग परत एकदा नाही म्हणाला, पण तोवर उठून उभा राहिला होता.

रेंजवर पावसाची बारीक भुरभुर होती. फिंटननं कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले, दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं. शैलेंद्रनं मागून त्याच्या दोन्ही कोपरांखाली तळवे धरले. बार झाला. दोघंही एक पाऊल मागे आले. गोळी कुठे लागली ते कुणी पाहिलं नाही.

फिंटननं पिस्तूल टेबलावर ठेवलं, डोळे मिटून मनगट छातीशी दाबून धरलं. शैलेंद्र पुढे झाला.

"फार दुखलं का?"

"भयंकर," फिंटन म्हणाला, आणि इतक्या वर्षांत शैलेंद्रनं पहिल्यांदाच त्याचे सगळे दात पाहिले. "भर परत."