खोक्यातली गच्ची

माझ्या वहीत त्या दिवसाची यादी अशी आहे: श्रिंक प्लास्टिकचे कागद चार, रंगीत पेन्सिली, बटर पेपर, लहान कात्री, डिंक, बुटांचा रिकामा खोका. आणि सगळ्यात खाली, ‘आईंना कळू न देणे’. हे शेवटचं सोडून बाकी सगळं जमलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर धुळ्याकडचं. पिंप्राळ्यात येऊन जन्म गेला, पण चिडल्या की अहिराणीत बोलतात आणि लाडात आल्या तरी अहिराणीतच. प्रमाण मराठी फक्त बँकेच्या फोनसाठी राखून ठेवलेली.

हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मनगट लाटण्यावर वळेना. आमच्या गल्लीत उडदाचे पापड पाळीपाळीने होतात. आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. जितक्या जणी तुमच्याकडे येतात, तितक्यांकडे आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं, हा नियम. मी शाळेच्या ऑफिसात असते, माझी मदत फक्त रविवारची, म्हणून आमच्या घराचे हात म्हणजे आईंचेच.

एक दिवस त्या म्हणाल्या, “औंदा पापड दुकानमाईन लई ये.”

दुकानाच्या पापडाला आयुष्यभर पुठ्ठा म्हणणारी बाई. नंतर पाहिलं, तर त्यांनी लाटणं धुऊन, फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं. परत देता येणार नसेल तर कुणाचे हात घ्यायचे नाहीत, हे त्यांचं ठरलं होतं.

म्हणून हा खोका. फोनवर एकदा असले खोके बघितले होते. पातळ प्लास्टिकवर चित्र काढायचं, रंगवायचं, कापायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. ते आक्रसून निम्म्याहून लहान होतं आणि बटणाएवढं जाड. अशा माणसांची रांग लावली की खोक्यात अख्खं दृश्य उभं राहतं. मी पाळीच्या दिवसाची आमची गच्ची करणार होते. पापड नाहीत तर निदान पापडांची गच्ची.

यात चूक व्हायला जागा नव्हती. मोजपट्टी होती, गजर होता. पण पहिल्याच ताटलीतल्या तिघी शेजारणी ओव्हनमध्ये गुंडाळायला लागल्या. मी घाबरून दार उघडलं, चमच्याने ढोसलं, आणि एकीचं डोकं तिच्याच गुडघ्याला कायमचं चिकटलं. नवऱ्याने तिला उचलून उजेडात धरलं.

“ही लाटते आहे, की कानातलं शोधते आहे?”

मी काय भाजते आहे ते बघायला वासाने आई आल्या.

“काय भाजी रायनी तू?”

“काही नाही आई. खेळणं.”

त्या ओव्हनच्या काचेपाशी वाकल्या. दुसरी ताटली आत होती आणि सगळं पुन्हा वळायला लागलं होतं. माझा हात दाराकडे गेला, तो त्यांनी डाव्या हाताने धरला.

“हात नको लावू. पापड बी आखडस. थांब जरासं.”

थांबलो. मुठीसारखे वळलेले तुकडे हळूहळू आपोआप उलगडले.

“आते काढ.”

मी ताटली काढली. त्यांनी सपाट बुडाची वाटी घेऊन एकेक तुकडा डाव्या हाताने दाबला. एकही वाकडा नाही. पुढच्या सगळ्या ताटल्या त्यांनीच काढायला लावल्या. गजर वाजायचा, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

मग चष्मा लावून ओळखपरेड झाली. ही समोरची, ही कोपऱ्यावरची, हिचा पदर बरोबर काढेल शे. आणि मग एका तुकड्यावर त्या थांबल्या.

“हाई खुर्चीवर कोन बसेल शे?”

खोक्यातल्या माणसांच्या माझ्या यादीत लिहिलेलं होतं, ‘आई – खुर्ची (आराम)’. मी म्हटलं, “तुम्ही.”

“बठ्ठ्या बाया खाले, आनि मी खुर्चीवर. मी काय पाव्हनी शे का?”

“आई, तुझ्या सोयीसाठीच काढलं असेल तिने,” नवरा म्हणाला.

“तू पेपर वाच.”

“मग कशी काढू?” मी विचारलं.

लाटता येत नाही ती बाई पापडांच्या गच्चीवर काय करते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हातातली वाटी पुन्हा एका तुकड्यावर दाबली.

“उभी काढ,” शेवटी म्हणाल्या. “पापड उचलनारी.”

आमच्या उन्हात पापड जरा जास्त राहिला की वळतो आणि तडकतो. थोडा ओलसर असतानाच उचलून वजनाखाली ठेवावा लागतो. पण सगळ्या जणी लाटण्यात गुंतलेल्या, बघणार कोण?

प्लास्टिकचा एकच तुकडा उरला होता. तो पूर्ण वापर, उरवून काय करशी, असा हुकूम झाला. त्यामुळे खोक्यात आई सगळ्यांच्या दुप्पट आहेत आणि पाण्याची टाकी त्यांच्या खांद्याला लागते.

“प्रमाण चुकतंय, आई.”

“चुकू दे.”

दुसऱ्या दिवशी खोका डाव्या काखेत घेऊन त्या समोर गेल्या. मी मागोमाग. समोरच्या काकूंनी खोक्यात बघितलं.

“अक्का, इतक्या उंच कधी झाल्या?”

“उचलनारीले वरतून दिसाले पाहिजे.” मग आवाज जरा उतरला. “लाटाले जमनार नई. उचलाले येऊ का?”

कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून काकूंनी मागे वळून घरात बघितलं, मग आमच्याकडे. “मागच्या वर्षी माझे निम्मे पापड पत्र्यासारखे झाले. सकाळी सातला या.”

काकूंच्या पाळीला ऑफिसआधी मी आईंना सोडायला गेले. काकूंनी मायेने प्लास्टिकची खुर्ची गच्चीवर आणली. आईंनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वहीत डोकं घातलं. त्यांनी खुर्चीवर पाण्याचा माठ ठेवला आणि पदर खोचून त्या पापडांच्या रांगेत शिरल्या.

आमची पाळी रविवारी आली. गल्लीतल्या सगळ्या जणी पोळपाट घेऊन हजर. मीही लाटायला बसले. अकराच्या सुमाराला आईंनी रांगेतला एक वेडावाकडा पापड उचलला, उन्हाकडे धरला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

“हाऊ कोनी लाटा?”

सगळी लाटणी थांबली आणि बायका माझ्याकडे बघायला लागल्या.